देव्हाऱ्यातला कागद

मुरबाडच्या वाचनालयात माझं भाषण ठेवलं होतं, त्या दुपारी समोर सात माणसं होती. त्यातल्या दोघी वाचनालयातच कामाला होत्या. विषय होता ‘ऐतिहासिक कादंबरी कशी सुचते’. मी पाऊण तास बोलले आणि बोलताना सारखं वाटत होतं की आपण खोटं बोलतोय. मला दोन वर्षांत काहीही सुचलेलं नव्हतं.

तोवर माझ्या दोन कादंबऱ्या आल्या होत्या. दोन्ही किल्ल्यांच्या आणि लढायांच्या. शहापूरच्या शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा रविवार आणि सुट्ट्या धरून लिहिल्या. नवऱ्याची नोकरी दादरला. आसनगावला घरी आला की हातपाय धुवून, चहा घेऊन तो गॅलरीतल्या खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, “हं, वाच.” मी दिवसभरात लिहिलेलं वाचायचे. तो चांगलं-वाईट काही बोलत नसे. मध्येच त्याला डुलकी लागली तर मी समजायचे की एवढा भाग कापायला हवा. मला दुसरा समीक्षक कधी लागला नाही.

तो गेला तेव्हा तिसरी कादंबरी सहाव्या प्रकरणात होती. एका सरदाराचं सैन्य नदीकाठी येऊन थांबलं होतं. नवरा गेल्यावर दोन वर्षं ते सैन्य नदीच्या अलीकडेच उभं राहिलं. मी रोज सकाळी वही उघडायचे, शेवटचं वाक्य वाचायचे आणि वही मिटायचे. मधल्या काळात निवृत्तही झाले. आम्हाला मूलबाळ नाही. घरात बोलायचं तर दूधवाल्याशी आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंशी, तेही पाणी आलं का, एवढंच.

भाषण संपल्यावर सगळे उठले, एक म्हातारा मागे थांबला. पंचाहत्तरीच्या आसपासचा, पांढरा सदरा, पायजमा, हातात कापडी पिशवी.

“बाई, तुमाला मोडी वाचता येती ना? तुमी आत्ता बोललाव.”

“येते थोडी. ठाण्याला वर्ग होता, तिथे शिकले.”

“थोडी म्हंजे कागद वाचाल का नाय?”

मी म्हटलं, कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आणलाय का?

“देव्हाऱ्यातला हाय तो. भायेर काढत नाय आमी. तुमाला घरी यायला लागंल.”

त्याचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी होतं. त्याच्या घराण्यात एक कागद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. मूळ पुरुष गडावर चाकरीला होता, शत्रू आला तेव्हा त्याने एकट्याने तीन दिवस दरवाजा राखला आणि त्याबद्दल त्याला ही सनद मिळाली, असं बापाने त्याला सांगितलं होतं आणि बापाला त्याच्या बापाने. दसऱ्याला सगळी भावकी जमून त्या कागदाची पूजा करते. पण तो वाचता येणारं माणूस घरात कधीच नव्हतं. यंदाच्या दसऱ्याला तो सगळ्यांसमोर वाचून दाखवावा, अशी त्याची इच्छा होती.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या नदीकाठच्या सैन्याचा. तीन दिवस दरवाजा राखणारा माणूस मला आयता मिळत होता.

पुढच्या आठवड्यात मी गेले. शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाड, तिथून म्हसा, आणि म्हशाच्या पुढे एका जीपमध्ये पुढच्या सीटवर तिघांच्यात बसून. भात पोटरीला आलेलं होतं. म्हातारा फाट्यावर छत्री घेऊन उभा होता. घर कौलारू, पुढे पडवी, बाजूला गोठा, गोठ्यात एक म्हैस. घरात तो एकटाच. त्याने स्टोव्हवर चहा केला, साखर दोनदा टाकली. मी विचारलं, घरी कोणी नसतं का?

“मंडळी कल्याणला. पोराकडं. दोघं नवराबायको कामाला जातात, नात लहान होती तवा गेली. आता नात सातवीला हाय.”

म्हणजे दहा-बारा वर्षं झाली असणार. पण तो जे बोलला ते काल गेल्यासारखं.

आंघोळ करून आलेलाच होता तो. तरी पुन्हा हात धुतले, देव्हाऱ्यातून पितळेची नळी काढली आणि तिच्यातून लाल फडक्यात गुंडाळलेला कागद. जाड हातकागद, घड्यांवर फाटलेला, कडा किड्यांनी खाल्लेल्या. पण सगळ्यात मोठं नुकसान भक्तीनेच केलं होतं. दर दसऱ्याला त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं जायचं, आणि मधल्या चार ओळी त्या रंगाखाली पार बुजल्या होत्या. तारखेचा भागही गेला होता. पेशवाई होती एवढंच बाकीच्या मजकुरावरून समजत होतं.

मी पडवीत उजेडाला बसले, एकेक अक्षर वहीत उतरवून घ्यायला लागले. मोडीत हात उचलत नाहीत, शब्द एकमेकांना धरून धावतात, त्यामुळे कुठे तोडायचं हे समजायलाच वेळ जातो. म्हातारा समोर उकिडवा बसून माझ्या पेनकडे बघत होता. सुरुवातीला गडावरच्या अधिकाऱ्याचं नाव, त्याला लावलेली मोठाली विशेषणं. ती मी मोठ्याने वाचली. म्हाताऱ्याने मान हलवली. पुढच्या ओळींना मी गप्प झाले.

ती सनद नव्हती. तो रजेचा अर्ज होता.

गडावर पहाऱ्याला असलेल्या एका शिपायाने तो केला होता, म्हणजे गडावरच्या कारकुनाकडून लिहून घेतला असणार. त्याची बायको घाटावर भावाकडे निघून गेली होती. दोन पावसाळे झाले होते. तिला आणायला जायचं आहे, आठ दिवस सोडावं, मी बदली माणूस देतो, असं त्याने कळवलं होतं. मग त्या बुजलेल्या चार ओळी. खाली दुसऱ्या हाताने, जाड बोरूने, उत्तर: गडावर माणूस कमी आहे, आता सोडता येत नाही.

एवढंच. दरवाजा नाही, शत्रू नाही.

मी वहीत बघत बसले. खोटं वाचायला मला काही कठीण नव्हतं. अशा सनदा मी माझ्या दोन्ही कादंबऱ्यांत स्वतः रचलेल्या होत्या, त्यांची भाषा मला तोंडपाठ होती. समोरच्या माणसाला मोडी येत नव्हती, त्याच्या भावकीत कुणालाच येत नव्हती. तो खूश झाला असता, मीही माझा दरवाजा राखणारा माणूस घेऊन घरी गेले असते. मिनिटभर मी खरोखरच तो विचार केला.

“काय लिवलंय, बाई?”

मी सांगितलं. सगळं, जसं होतं तसं. माझं सांगून झाल्यावर तो उठला, गोठ्यात गेला, म्हशीपुढे वैरण टाकली, बादलीत पाणी ओतलं. बराच वेळ आलाच नाही. मला वाटलं, आपण आता निघावं. मग तो आला, पुन्हा तसाच उकिडवा बसला.

“परत वाचा.”

मी परत वाचलं.

“दोन पावसाळं,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “दसऱ्याला हेच वाचा तुमी. जे हाय ते.”

दसऱ्याच्या दिवशी अंगणात पंचवीस-तीस माणसं होती. कल्याणहून मुलगा येणार होता, पण तो आला नाही, आणि त्याच्यासोबत यायची म्हणून म्हाताऱ्याची बायकोही राहिली. कागदापुढे नारळ फोडला. पुढच्या खुर्चीवर म्हाताऱ्याचा पुतण्या बसला होता, शहापूरला त्याचं गाड्यांचं गॅरेज होतं. मूळ पुरुषाच्या पराक्रमाचा फ्लेक्स नाक्यावर लावायचं त्याने ठरवलं होतं, मजकूर माझ्याकडूनच घेणार होता.

मी वाचलं. पुतण्याने हाताची घडी घातली.

“मॅडम, नीट वाचलंत ना? आमी तर लहानपणापासून येगळंच ऐकत आलोय.”

“नीट वाचलंय. तुम्ही दुसऱ्या कुणाला दाखवा हवं तर. दाखवायलाच हवा.”

“दाखवनारच हाय,” तो म्हणाला आणि मोबाइलने कागदाचे फोटो काढायला लागला. त्याला राग आला होता आणि त्या रागाबद्दल मी त्याला दोष देणार नाही. त्याच्या आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेली गोष्ट मी पाच मिनिटांत काढून घेतली होती.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी, भावकीतलीच, म्हणाली, “मंग आनली का त्यानी तिला?”

“ते कागदात नाही,” मी म्हटलं.

“आमी सगली हाव म्हंजे आली असंल ना,” दुसरी कुणी म्हणाली.

“दुसरी बी केली असंल त्यानी. आपुन तिची असू.”

सगळे हसले. पुतण्यासुद्धा जरासा हसला. मग पुरुषमाणसंही त्यात पडली. तिचा भाऊ घाटावर कुठल्या गावात असेल, ती एकटी कशी चढून गेली असेल, सासूशी भांडली का नवऱ्याशी, पोर कडेवर होतं का. अर्धा तास त्या अंगणात त्या बाईशिवाय दुसरा विषय नव्हता. मी आपट्याची पानं हातात धरून ऐकत उभी होते. इतकी वर्षं मी लोकांना इतिहास सांगत आले, आणि तो ऐकून कुणी मला पुढे काय झालं असं विचारलेलं मला आठवेना.

घरी आले त्याच आठवड्यात नदीकाठचं सैन्य मी कपाटात ठेवून दिलं. नवी वही घेतली.

पण चार पानं झाली आणि पुन्हा अडले. मला त्या बाईचं काहीच माहीत नव्हतं. सरदार सकाळी उठून काय करतो ते मी सांगू शकत होते, कारण ते बखरींतून पुष्कळ वाचलं होतं. गडावर राहणारी शिपायाची बायको सकाळी उठून काय करते, हे कुठल्याच कागदात मला मिळालं नव्हतं. म्हणून मी पुन्हा म्हाताऱ्याकडे गेले. मग दर पंधरा दिवसांनी जायला लागले. जाताना लिहिलेलं घेऊन जायचे आणि पडवीत बसून वाचायचे. तो ऐकताना दोर वळत बसे.

त्याला डुलकी येत नसे. तो थांबवायचा.

“सकाळी पाण्याला गेली लिवलंय तुमी. मार्गशीर्षात वरचं टाकं भरलेलं असतं, लांब नाय जायला लागत. चैत्रात जायला लागंल.” किंवा, “रानातून एकटी बाई चालताना गानं म्हननार नाय. गप चालंल. आवाज ऐकंल.” एकदा मी तिला घाट चढताना मागे वळून गडाकडे बघायला लावलं होतं. म्हातारा म्हणाला, “त्या वाटेला वळून बघाय जागा नाय, बाई. पाय घसरंल. वर पठारावर गेल्याव बघंल.” मी ते वाक्य खोडलं आणि पठारावर लिहिलं. लिहिताना समजलं की आता त्या वाक्यात काहीतरी आलंय, कारण पठारावर पोचेपर्यंत तिने ते रोखून धरलं होतं.

पुतण्याने ते फोटो पुण्याला कुणाला तरी पाठवले होते. तिथूनही तेच वाचन आलं. मला त्याने कळवलं नाही, म्हाताऱ्याला सांगितलं. फ्लेक्स लागला नाही.

पौषात एकदा मी म्हाताऱ्याला माझी मोठी अडचण सांगितली. रजा नाकारलेला कागद हा माणूस जपून का ठेवेल? पितळेच्या नळीत घालून, मुलांच्या हाती देऊन? फाडून टाकायला हवा होता. मला कारण सुचत नव्हतं आणि कारणाशिवाय कादंबरी उभी राहत नव्हती.

तो दोर वळत राहिला. मग म्हणाला, “तिचं नाव हाय ना त्याच्याव.”

होतं. तिसऱ्या ओळीत होतं, स्वच्छ वाचता येत होतं.

“त्या टायमाला बाईचं नाव कोन लिवनार, आनि कुठं? सातबारा नाय, रेशनकार्ड नाय. त्या एकाच कागदाव हाय. म्हनून ठेवला असंल.”

मी वही मिटली. परत येताना जीपमध्ये, एसटीत, मला दुसरं काही दिसत नव्हतं. आसनगावला घरात शिरले, दिवा लावला. नवऱ्याच्या नावाचं लाईटचं बिल दारात पडलेलं होतं. मीटर अजून त्याच्या नावावर आहे. लोक सांगतात, बदलून घ्या, एक अर्ज करायचा असतो. मी अजून केलेला नाही.

होळीच्या सुमाराला गेले तेव्हा म्हातारा म्हणाला, “मी जाऊन आलू कल्याणला.”

“मग?”

“नातीची परीक्षा हाय म्हनली. झाली की बघू. दोन दिस राहिलू. तिकडं झोप नाय लागत, पंख्याचा आवाज.” तो गवताचा भारा उचलत होता, त्यामुळे त्याचं तोंड मला दिसलं नाही. “मी तिला म्हनलं, चल. असं कधी म्हनलो नव्हतो.”

“त्या काय म्हणाल्या?”

“हसली. म्हनली, आता आठवन झाली का.”

त्याला निदान विचारायला जागा होती, असा एक कडवट विचार मनात आला आणि त्याची लाजही वाटली. त्या दिवशी मी नेलेलं प्रकरण न वाचताच परत आणलं.

कादंबरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत झाली, शेवटचं प्रकरण सोडून. तोवर म्हाताऱ्याचा एक डोळा पार धूसर झाला होता. मुलगा येऊन त्याला ऑपरेशनला कल्याणला घेऊन गेला. महिनाभराने परत येईल असं सगळे म्हणत होते. दुसऱ्या डोळ्याचंही करायचं ठरलं. म्हैस पुतण्याने नेली. एकदा मी फोन न करताच गेले, तर दाराला कुलूप होतं आणि पडवीत शेजारच्यांनी लाकडं रचून ठेवली होती. मी तिथे थोडा वेळ बसले. परतीची जीप तासाभराने होती. समोर सिद्धगडावर ढग उतरले होते आणि मला बोलायला कुणी नव्हतं. कादंबरीतली ती बाई दोन पावसाळे असाच डोंगर बघत बसली असेल, फक्त पलीकडच्या बाजूने, असं मला वाटून गेलं. तिच्या एकटेपणाबद्दल मी शंभर पानं लिहिली होती. ते एकटेपण खरं कुणाचं होतं ते त्या तासाभरात मला नीट समजलं.

शेवटचं प्रकरण मी घरी येऊन लिहिलं. पावसाळा संपल्यावर शिपायाला रजा मिळते. तो घाट चढून जातो. ती अंगणात नाचणी पाखडत असते. तो काय बोलतो ते मी लिहिलं नाही, ती काय बोलते तेही नाही. ती सूप खाली ठेवते, आत जाऊन लुगड्याचं गाठोडं घेऊन येते. दोघं उतरायला लागतात.

प्रकाशक म्हणाले, बाई, यात एकही लढाई नाही, वाचनालयं घेतील का? मग थोड्या प्रती काढूया म्हणाले. पुस्तक आलं, दोन परीक्षणं आली, एकात ‘संथ’ म्हटलं होतं. ते खरंच आहे.

पुस्तक हातात आलं त्या दिवशी मी कल्याणला फोन लावला. म्हाताऱ्याच्या बायकोने उचलला. त्यांच्याशी मी कधीच बोलले नव्हते.

“तुमी त्याच ना, ह्यांना गोष्ट वाचून दाखवायच्या?” त्या म्हणाल्या. “सारखं सांगत असतात. शेवट काय केलाव?”

“वाचून दाखवू का?”

“थांबा, त्यांना उठवते. स्पीकरवर टाकते.”

मी गॅलरीत उभी राहून शेवटचं प्रकरण फोनवर वाचलं. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मग कुणीतरी गॅस बंद केला. मी शेवटच्या ओळीपर्यंत आले.

“बाई,” म्हातारा म्हणाला, “उतरताना ती पुढं का मागं?”

“ते लिहिलं नाही मी.”

“पुढं असंल,” त्या म्हणाल्या. “गाठोडं त्याच्याकडं दिलं असंल.”

“हां,” म्हातारा म्हणाला.

नातीच्या क्लासची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुस्तक छापून झालेलं होतं, त्यात आता काही घालता येणार नव्हतं. मी आतून पेन्सिल आणली आणि माझ्या प्रतीत शेवटच्या ओळीखाली लिहिलं की ती पुढे होती, आणि गाठोडं त्याच्याकडे होतं.